बरगंडीत मुक्काम: हॉटेल सोडा, गावातल्या घरी राहा

पायवाट

फ्रान्सवरचे इथले धागे मी आवडीने वाचते. बहुतेक पॅरिसभोवती फिरतात. द्राक्षांचा मुलूख आलाच, तर 'सकाळी पॅरिसहून बसने निघालो, वाइनची दोन तळघरं पाहिली, रात्री परत' एवढाच येतो. पूर्व फ्रान्समधल्या बरगंडीच्या वाट्याला इतकंच यावं याचं मला खरंच वाईट वाटतं. तिथल्या खेड्यांत दुपारी बारा ते दोन सगळं बंद असतं. गाव जागं असतं ते सकाळी लवकर, माणसं बागेत निघतात तेव्हा, आणि संध्याकाळी सहानंतर. नेमकी त्याच वेळी सहलीची बस हायवेवर असते. म्हणून हा धागा.

आधी घरांविषयी. फ्रान्सच्या खेड्यात राहायचे मुख्य प्रकार दोन. पहिला शाँब्र दोत. मालक राहतो त्याच घरातल्या किंवा आवारातल्या खोल्या, कायद्याने जास्तीत जास्त पाच, आणि पाहुणे एकावेळी पंधराच्या वर नाहीत. न्याहारी भाड्यातच धरलेली, चादरी-टॉवेलही त्यातच, आणि पाहुण्याचं स्वागत मालकाने स्वतः करायचं. गावच्या पालिकेत याची नोंद करावी लागते. दुसरा प्रकार जीत. स्वयंपाकघरासकट अख्खं घर, बहुधा आठवड्याच्या बोलीवर, हंगामात शनिवार ते शनिवार. दुसऱ्या महायुद्धानंतर खेडी ओस पडायला लागली, तेव्हा रिकामी घरं दुरुस्त करून शहरातल्या कुटुंबांना सुट्टीसाठी भाड्याने द्यायची ही कल्पना निघाली. पहिलं जीत १९५१ साली दक्षिण आल्प्समध्ये सुरू झालं आणि १९५५ मध्ये 'जीत द फ्रान्स' हा महासंघ उभा राहिला. तारे नाहीत, गव्हाच्या कणसांनी ते घरांचा दर्जा दाखवतात. घर शोधताना हे चिन्ह बघत जा. मी तरी त्यावर भरवसा ठेवते.

पण माझ्या मते खरी गोष्ट तिसरीच आहे. काही शाँब्र दोतमध्ये रात्रीचं जेवणही मिळतं, त्याला ताब्ल दोत म्हणतात. हे हॉटेल नव्हे. मेन्यू एकच, जेवण घरच्याच टेबलावर, आणि तेही फक्त मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी. बाहेरचा माणूस येऊन जेवू शकत नाही. आधी आपेरितिफ, म्हणजे जेवणाआधीचं पेय, बरगंडीत बहुधा कीर, म्हणजे आलिगोते या पांढऱ्या वाइनमध्ये काळ्या करंट या छोट्या आंबट फळाचं लिकर. सोबत चीज घातलेले छोटे फुगीर गूजेर. मग सुरुवातीचा पदार्थ, मग मुख्य, मग चीज, आणि गोड सगळ्यात शेवटी. दोन-अडीच तास सहज जातात. शेजारी बेल्जियमचं जोडपं असतं, समोर लीलहून आलेले निवृत्त शिक्षक असतात, आणि घरमालक दुसऱ्या बाटलीचं बूच काढता काढता सांगतो, की या बाटलीतली द्राक्षं मागच्या भिंतीपलीकडच्या तुकड्यातली. पहिल्या दिवशी टेबलावर फार बोलता येत नाही. दुसऱ्या दिवशी ओळख झालेली असते. तिसऱ्या दिवशी मालक 'उद्या सकाळी माझ्या भावाकडे जाऊ, त्याच्याकडे पिपं धुवायचं काम चाललंय' असं आपणहून म्हणतो. एक रात्र राहून निघणाऱ्याला ही तिसरी संध्याकाळ मिळतच नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: एकाच गावात, एकाच घरात, निदान तीन रात्री राहा आणि त्यातल्या शक्य तितक्या रात्री तिथेच जेवा.

कुठे राहावं? दिजोंपासून दक्षिणेला बोनपर्यंत आणि पुढे साँतनेपर्यंत पूर्वेकडे तोंड केलेली एक लांब, चिंचोळी उतरण आहे. चुनखडीची जमीन, खालून वरपर्यंत द्राक्षं. उत्तरेच्या अर्ध्या भागात मुख्यतः पिनो न्वारची लाल वाइन. दक्षिणेकडे पोमार आणि वोलनेची लाल, मग मर्सो आणि प्युलिन्यी-मोंराशेपासून शार्दनेची पांढरी. उतरणीच्या मध्यावरची जमीन सर्वांत मोलाची. खालच्या ९७४ क्रमांकाच्या रस्त्यापलीकडे सपाटीला लागलात की बहुतेक साधी प्रादेशिक वाइन. शेदीडशे पावलांत बाटलीची किंमत कितीतरी पटींनी बदलते. हे पुस्तकात वाचून पटत नाही, पायी चढून गेल्यावर पटतं. या एकेका तुकड्याला तिथे क्लिमा म्हणतात. असे १२४७ क्लिमा २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

प्रसिद्ध गावांत खोल्या महाग. उतरणीच्या मागे डोंगरात ओत-कोत म्हणून भाग आहे, तिथे तेच घर बरंच स्वस्त पडतं. द्राक्षांबरोबर काळ्या करंटची शेती, झाडी, शांतता, आणि बोन गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. दोघांच्या खोलीला न्याहारीसकट साधारण ८० ते १५० युरो धरून चाला. घरच्या जेवणाला माणशी तीस-चाळीस युरोंच्या आसपास, त्यात वाइन बहुधा आलीच.

काही रीती आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या. रिसेप्शन नावाची गोष्ट नसते, त्यामुळे यायची वेळ आधी कळवायची, बहुधा संध्याकाळी पाच ते सात. उशीर होणार असेल तर फोन करायचाच, कारण कुणीतरी आपल्यासाठी घरी थांबलेलं असतं. रात्रीचं जेवण आदल्या दिवशी तरी सांगून ठेवायचं. बऱ्याच घरी कार्ड चालत नाही, रोख ठेवा. परदेशी पाहुण्याला पोलिसांसाठीचा एक छोटा फॉर्म भरावा लागतो, त्याने दचकू नका. आणि कुठेही पाऊल टाकताना आधी 'बोंजूर'. दुकानात, तळघरात, बेकरीत, टेबलावर. हा एक शब्द न बोलता थेट प्रश्न विचारला की तिथला माणूस दुखावतो, आणि मग तो तुटक बोलला की आपण 'फ्रेंच लोक उद्धट' असं लिहून मोकळे होतो.

विचारा, माहीत आहे ते सगळं सांगेन.

आजोळ

वाचनखूण साठवली. ताई, आमचा प्रश्न वेगळा आहे. आई-बाबा सत्तरीपुढचे. दोघंही घेत नाहीत, आणि आई तर अंडंही खात नाही. मुलगा आठ वर्षांचा. अशा कुटुंबाने बरगंडीत जावं का? की उगाच सगळ्यांचे हाल?

पायवाट

@आजोळ, जावं. फक्त तुमच्यासाठी शाँब्र दोत नको, जीत घ्या. शाँब्र दोतमध्ये पाहुण्याला सहसा स्वयंपाकघर वापरू देत नाहीत, आणि न्याहारी म्हणजे पाव, क्रोआसाँ, लोणी, घरचा जॅम, दही, कॉफी. क्रोआसाँत आणि ब्रिओशमध्ये अंडं असू शकतं. साध्या लांब बॅगेट पावात नसतं, आईंना तो चालेल.

बरगंडीचं स्वयंपाकघर मांसावर उभं आहे हे खरं. वाइनमध्ये शिजवलेलं गोमांस, गोगलगायी, वाइनच्या रश्श्यात सोडलेली अंडी, पार्सलीतलं हॅम. हिरवं सॅलड मागवलं तरी त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे येऊ शकतात. सुपाचं पाणीही बहुधा मांसाचं. 'आम्ही शाकाहारी' एवढं सांगून भागत नाही. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, मांसाचं पाणी नाही, असं सगळं ओळीने लिहून पाठवायचं. लिहून पाठवलंत तर घरची बाई मनापासून काहीतरी करते. उन्हाळ्यात बागेतल्या भाज्यांचं भाजून केलेलं जेवण, डाळिंब्यांसारख्या मोठ्या शेंगांचं सॅलड, बटाट्याचं ग्रातँ, असं मी खाल्लेलं आहे आणि फार चांगलं खाल्लेलं आहे.

चीजची गोष्ट आईंना आधीच सांगा. एपुआस, कोंते अशा पारंपरिक चीजना वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) लागतं. कोंतेच्या तर नियमांतच तसं आहे. ज्यांना ते चालत नाही त्यांनी पाकिटावर वनस्पतिजन्य रेनेट लिहिलेलं बघून घ्यावं. मोठ्या दुकानांत मिळतं.

जीतमध्ये चादरी आणि शेवटची साफसफाई भाड्यात आहे का ते विचारा, बऱ्याचदा वेगळे पैसे पडतात. शेगडी इंडक्शनची असेल तर आपला अॅल्युमिनियमचा कुकर चालणार नाही, स्टीलचा लहान न्या. मेतकूट, दाण्याची चटणी, तूप सोबत. तांदूळ, मसूर तिथेच मिळतात. बोनला शनिवारी सकाळी मोठा बाजार भरतो, बुधवारी छोटा. मुलाला घेऊन तिथे दोन तास सहज जातात.

सह्यभटका

लेख छान, पण एक शंका मनापासून. तीन-चार रात्री एकाच खेड्यात? व्हिसा, विमान, सुट्टी एवढं सगळं जुळवून आपण एकदाच जातो. तेवढ्या वेळात स्ट्रासबुर्ग, लियों आणि आल्प्सची एक झलक होते की. वाइनची गोडी नसलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी काय उरतं?

लियोंकर

@सह्यभटका, मी नोकरीनिमित्त लियोंला असतो. बोन इथून लोकल गाडीने पावणेदोन तासांवर. वर्षातून अधूनमधून जातोच, आणि मी स्वतः फार कमी पितो.

बोनचं ओतेल-द्य घ्या. १४४३ मध्ये बरगंडीच्या ड्यूकचा चॅन्सलर निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी गरिबांसाठी बांधलेलं इस्पितळ. शंभर वर्षांच्या युद्धाने मुलूख नागवला होता त्या काळात. रंगीत कौलांचं छप्पर सगळ्यांनी चित्रांत पाहिलेलं असतं, पण आत गरिबांच्या लांबलचक दालनात दोन्ही बाजूंनी लाल पडद्यांच्या खाटा मांडल्यात, तिथे उभं राहिल्यावर मन भरून येतं. १९७१ पर्यंत तिथे रुग्ण होते. लोकांनी वेळोवेळी इस्पितळाला द्राक्षांच्या बागा दान दिल्या, त्या बागांची वाइन १८५९ पासून लिलावात विकली जाते. आजही नोव्हेंबरचा तिसरा रविवार. पैसा इस्पितळ आणि धर्मादाय कामांना. तिथे ठेवलेलं रोगीर वान देर वायडनचं 'अंतिम न्याय' हे चित्र बघायला मी दोनदा तिकीट काढलंय आणि पुन्हा काढेन.

मग वूजो. सितोच्या मठातल्या भिक्षूंनी लावलेली बाग, दगडी कुंपणाची, सुमारे ५० हेक्टर. क्रांतीत चर्चची मालमत्ता जप्त होऊन विकली गेली, पुढे विक्रीने आणि वारशाने तुकडे पडत गेले, आणि आज त्या एका कुंपणात ऐंशीच्या आसपास मालक आहेत. सितोचा मठ १०९८ चा, अजून चालू आहे आणि भिक्षू अजून चीज करतात.

आणि सायकल. बोनपासून पोमार, वोलने, मर्सो, प्युलिन्यी करत साँतनेपर्यंत बागांमधून जाणारा सायकलमार्ग आहे, सुमारे २२ किलोमीटर. गाड्यांचा त्रास जवळजवळ नाही. मुलांबरोबर अर्ध्यातून परत फिरता येतं. तिसऱ्या दिवशी काय करायचं याचं माझं उत्तर हेच.

पायवाट

लियोंकरांना +१. @सह्यभटका, स्ट्रासबुर्ग सुंदर आहे, कुणी नाही म्हणत नाही. पण सात दिवसांत चार शहरं केली की दिवसाचा उत्तम वेळ स्टेशनवर आणि सामान बांधण्यात जातो. मी दोन्ही प्रकारे फिरले आहे. माणसं लक्षात राहिली ती एका जागी थांबल्यावर भेटलेली.

द्राक्षबाग

हा धागा बायकोने दाखवला. आम्ही दिंडोरी तालुक्यात. खायच्या द्राक्षांची बाग, आणि थोडी वाइनची द्राक्षं कंपनीला करारावर. मला तिथलं घर, जेवण यापेक्षा बागेचं ऐकायचंय. दोन झाडांत अंतर किती, एकरी माल किती, पाणी कसं, फवारण्या किती? आणि एका कुटुंबाकडे जमीन असते तरी किती? ओळखीचं कुणी जाऊन आलं की फक्त बाटल्यांचे फोटो दाखवतं.

लियोंकर

@द्राक्षबाग, दादा, तुमच्या प्रश्नाने धाग्याला खरा रंग आला. जमेल तसं सांगतो.

अंतर साधारण एक मीटर बाय एक मीटर. म्हणजे हेक्टरी दहा हजारांच्या आसपास झाडं. झाड कमरेएवढंच, तारेवर बांधलेलं. ओळी इतक्या जवळ की साधा ट्रॅक्टर आत जातच नाही. उंच पायांचा ट्रॅक्टर असतो, तो ओळ पोटाखाली घेऊन चालतो. काही जण पुन्हा घोड्याने नांगरायला लागलेत, माती दबू नये म्हणून.

पाणी देतच नाहीत. ठिबक नाही, काही नाही. पाऊस पडेल तेवढाच. माल मुद्दाम कमी धरतात, कारण कायद्याने मर्यादा आहे. पोमारसारख्या गावच्या वाइनला हेक्टरी किती माल चालेल ते ठरलेलं असतं. त्याच्या वर गेलं की गावाचं नाव लावता येत नाही.

जमिनीचं माप ऐकून तुम्हाला मौज वाटेल. तिथे अजून 'उव्हरे' चालतं. एका माणसाने एका दिवसात खणून काढायची तेवढी जमीन, ४२८ चौरस मीटर, म्हणजे आपले सव्वाचार गुंठे. म्हातारा शेतकरी हेक्टरमध्ये बोलतच नाही, 'माझे वोलनेत नऊ उव्हरे, पोमारमध्ये सहा' असं सांगतो. एकाच कुटुंबाची जमीन पाच गावांत वीस तुकड्यांत विखुरलेली असते, कारण नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या मुलांना वाटा द्यावा लागतो. रोमाने-कोंती हे जगातल्या अतिशय महाग वाइनचं शेत १.८ हेक्टरचं आहे. साडेचार एकर.

द्राक्षबाग

पाणी नाही! आणि एकरी चार हजार झाडं! आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी हजाराच्या आत बसतात, आणि ठिबक दोन दिवस बंद पडलं तरी जीव वर-खाली होतो. वाटण्यांचं ऐकून मात्र अगदी घरच्यासारखं वाटलं. आमच्या आजोबांचे चार भाऊ.

त्यांची छाटणी कधी? आम्हाला दोन करायला लागतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि माल जानेवारी ते मार्च. आमचा वेल कधी झोपतच नाही.

पायवाट

@द्राक्षबाग, त्यांचा वेल हिवाळाभर झोपलेला असतो. पानं गळून जातात आणि छाटणी एकच, थंडीतली. मी एकदा फेब्रुवारीत गेले होते. सकाळी धुक्यात ठिकठिकाणी धूर दिसत होता. छाटलेल्या काड्या हातगाडीवरच्या पिंपात जाळत जाळत माणसं ओळीने पुढे सरकत होती. मालकाने मला कात्री दाखवली आणि कुठली काडी ठेवायची, कुठली काढायची ते बराच वेळ समजावलं. एक लांब काडी आणि एक आखूड खुंट एवढंच ठेवतात, आठ-दहा डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा. तुम्ही असतात तर तुमच्या दोघांचं दिवसभर जमलं असतं, भाषेवाचून.

त्यांची भीती म्हणजे एप्रिलमधलं दहिवर. तोवर डोळे फुटलेले असतात आणि एका रात्रीत पारा शून्याखाली गेला तर वर्ष हातचं जातं. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभर तसं झालं. शेतकरी रात्रभर ओळींमध्ये मेणाचे डबे पेटवत बसतात, हेक्टरी शेकड्यांनी. ज्यांच्याकडे मी राहते त्या बाईंचा मुलगा त्या रात्रींबद्दल बोलायला लागला की टेबलावर कुणी मध्ये बोलत नाही.

द्राक्षबाग

ताई, तो मुलगा काय म्हणतो ते मला न सांगताही कळतं. निफाडला पारा तीन-चारवर येतो तेव्हा आम्हीही पहाटे बागेत शेकोट्या करतो आणि पाणी सोडतो. अवकाळी आणि गारांचं तर बोलूच नका.

रोग कुठले त्यांच्याकडे? डाऊनी, भुरी?

लियोंकर

तेच, दादा. डाऊनी आणि भुरी. आणि डाऊनीचं औषधही तुमच्या घरातलंच: बोर्डो. ते नाव बोर्दो शहराचं. १८८२ मध्ये तिथल्या मेदोक भागात मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं, की रस्त्याकडेच्या वेलींवर डाऊनी आलेला नाही. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून तिथे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं मिश्रण मारलेलं होतं. त्यावर प्रयोग करून त्याने १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आज बरगंडीतले सेंद्रिय बागायतदारही मुख्यतः त्याच तांब्यावर अवलंबून आहेत. तांबं मातीत साठतं म्हणून युरोपात त्यावर मर्यादा घातली आहे, सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो. पावसाळी वर्षात ते पुरत नाही ही त्यांची मोठी तक्रार.

आणि खुंटाचंही सारखंच. तुम्ही डॉगरिज या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या झाडावर, कलम करता ना? तिथे एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या किडीने जुन्या बागा मुळापासून संपवल्या, तेव्हापासून अमेरिकन खुंटावर कलम केल्याशिवाय वेल लावत नाहीत.

आजोळ

बाबा हे सगळं मोठ्याने वाचून घेतायत. ते निवृत्त कृषी अधिकारी. आता त्यांनाच सर्वांत जास्त जायचंय :) गाडी भाड्याने घ्यावी का? आणि व्हिसासाठी अशा घराचं बुकिंग चालतं का? एजंट म्हणाला की 'घरी राहणार' असं लिहिलं की यजमानाचं पालिकेतून प्रमाणपत्र लागतं.

पायवाट

ते प्रमाणपत्र मित्र-नातेवाइकांकडे फुकट राहणार असाल तर. शाँब्र दोत किंवा जीत हा पैसे देऊन घेतलेला मुक्काम आहे, त्याला साधं बुकिंगचं पत्र पुरतं. त्यावर सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे, पत्ता, तारखा आणि मालकाचा फोन असावा. प्रौढांना शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, आणि विमा किमान ३० हजार युरोंचा. आई-बाबांचा विमा काढताना आधीचे आजार लपवू नका.

गाडीबद्दल: तुम्ही पाच जण, त्यात ज्येष्ठ. गाडी घ्याच, पण पॅरिसला नको. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून तेजेव्हे या वेगवान रेल्वेने दिजों, दीड तासाच्या थोडं वर, आणि गाडी दिजोंला घ्या. आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. उजवीकडून चालवायचं, आणि गावात पाटी नसेल तिथे उजव्या हाताच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हे फार महत्त्वाचं, कारण ती गल्ली दगडी भिंतीमागून एकदम येते. गाडीशिवाय जाणाऱ्यांना दिजों-बोन लोकल गाड्या आणि बागांच्या गावांतून जाणाऱ्या मोबिगोच्या बस आहेत, पण रविवारी त्यांचा भरवसा नको.

चव घेऊन गाडी चालवायची असेल तर थुंकायचं. तिथे त्याची लाज नाही. त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं आणि खुद्द वाइन करणारेही थुंकतात. कायद्याची मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम, नवीन परवानावाल्यांना ०.२. बोनमधल्या मोठ्या तळघरांत पैसे भरून कधीही जाता येतं. खेड्यातल्या छोट्या घरी मात्र आधी वेळ ठरवून जायचं, आणि तासभर माणूस आपल्यासाठी थांबला तर निघताना एक-दोन बाटल्या घ्यायच्या. माझ्या घरमालकीणबाई स्वतः फोन करून अशी वेळ ठरवून देतात. हॉटेलच्या काउंटरवर हे होत नाही. भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत सीमाशुल्क नाही, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या.

सह्यभटका

बरं, मी मत बदलतोय. पॅरिस तीन दिवस, उरलेले सगळे बोनजवळ. सायकलीसाठी कुठला महिना?

लियोंकर

मे-जून किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टमध्ये जुन्या दगडी घरांत एसी नसतो. दिवसा लाकडी झडपा बंद ठेवून घर गार राखतात, तरी अलीकडे उकाडा फार होतो. ऑक्टोबरमध्ये पानं पिवळी-तांबडी झालेली असतात, काढणीची धांदल संपलेली असते आणि तळघरात आंबवणाचा वास भरलेला असतो. मला तोच काळ सर्वांत आवडतो.

द्राक्षबाग

आमचं मोकळं असणं म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर, गोडी छाटणीच्या आधी. तेव्हा तिथे काढणी असते ना? मला तीच बघायचीय. जमलं तर दोन दिवस त्यांच्याबरोबर काढायलाही तयार आहे, पैसे नकोत.

पायवाट

@द्राक्षबाग, काढणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य, त्या वर्षीच्या हवेवर. पण पर्यटक व्हिसावर कात्री हातात घेऊ नका. फुकट केलेलं कामही तिथे विनानोंदणी मजुरी धरलं जातं आणि दंड मालकाला होतो. काही बागायतदार पाहुण्यांसाठी रीतसर पैसे घेऊन एका दिवसाची काढणी ठेवतात, दुपारच्या जेवणासकट. तसं शोधा. खोली वसंतातच ठरवा, कारण त्या दिवसांत गावं भरलेली असतात. आणि स्वतः वाइन करणाऱ्याच्या घरी राहायचं असेल तर आधीच विचारा, काढणीच्या आठवड्यांत बरेच जण खोल्या बंदच ठेवतात.

लियोंकर

दादा, पत्र मी फ्रेंचमध्ये लिहून देतो, विपू करा, म्हणजे इथेच मला निरोप पाठवा. मजकूर साधा ठेवू: नमस्कार, मी भारतातल्या नाशिक जिल्ह्यातला द्राक्ष बागायतदार, माझी पत्नी आणि मी सप्टेंबरमध्ये चार रात्री राहू इच्छितो, काढणी आणि तळघरातलं काम जवळून बघायची इच्छा आहे, तुमच्या सोयीची वेळ कळवावी. खाण्याचं काय लिहू?

द्राक्षबाग

मी सगळं खातो, मंडळी फक्त गोमांस आणि डुक्कर खात नाहीत, तेवढं लिहा. आणि पत्राला आमच्या बागेचे फोटो जोडतो, एक गोडी छाटणीनंतरचा, एक मालाचा. विपू केलाय.